पिवळा दोरा

कोटवाल्या बाई त्या दुपारी स्वतः दुकानात आल्या, तिथेच काकूला खटकलं. बाई कधी यायच्या नाहीत. दर महिन्याला त्यांचा कोट यायचा, धुऊन इस्त्री होऊन परत जायचा, आणि ने-आण काकूचा मुलगा सायकलवरून करायचा. काका गेल्यापासून लाँड्रीच्या गल्ल्यावर बसून काकू एक गोष्ट शिकली होती: गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलं की एक तर बटण तुटलेलं असतं, नाहीतर रंग गेलेला. तिने तोंड गोड केलं आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी ठेवली.

"या, बसा. कोट नीट झाला ना?"

"छान झाला," बाई म्हणाल्या. "मी आभार मानायला आले."

हे नवीन होतं. काकूने आत हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. बाई आभार मानायला आल्यात. असं रोज घडत नाही."

तिची जाऊ, म्हणजे खारीची आई, हात पुसत बाहेर आली. डाग काढायचं टेबल तिचं. तिच्या मागे तिचा भाऊ मोठ्या प्रेसचं झाकण दाबून उभा होता. वाफेचा फुस्सकारा झाला आणि मग तोही कान देऊन थांबला. हा भाऊ इथे राहायला येऊन किती वर्षं लोटली, पण काकू त्याला अजून 'पाहुणे' म्हणायची. तरुणपणी एका दुकानातून त्याला चोरीपायी हाकललं होतं, हे ती विसरलेली नव्हती. पाहुणा म्हटलं की निदान कधीतरी जाईल, एवढी आशा राहते.

खार मळक्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली होती. खिसे तपासणं हे तिचं काम, शाळेतून आलं की पहिलं. लहानपणी सापडेल ते साठवून ठेवायची म्हणून आजोबांनीच तिला खार म्हटलं, आणि बारावं लागलं तरी ते नाव सुटलं नव्हतं. बाईंना बघून तिने हातातली पँट खाली ठेवली नाही. उलट तिच्याआड जरा जास्तच वाकली.

बाईंनी कोट मांडीवर घेतला होता. जाड करड्या कापडाचा, पुरुषाचा कोट.

"तुम्हाला वेडेपणा वाटेल," त्या म्हणाल्या, "पण कुणाला तरी सांगायला हवं. हे माझ्याकडून वस्तू घेतात."

"कोण हे?" काकूने विचारलं.

"आमचे हे."

बाईंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळेत खेळाचे मास्तर होते. काकूने जावेकडे पाहिलं. जावेने काकूकडे पाहिलं. एरवी या दोघींचं मीठ किती घालायचं यावरही जमत नसे, पण त्या क्षणी दोघींच्या मनात एकच आलं: बिचारी.

"पहिल्यांदा चुकून शिट्टी राहिली खिशात," बाई सांगत होत्या. "कोट परत आला तर शिट्टी नव्हती. म्हटलं पडली असेल. पुढच्या वेळी मुद्दाम त्यांचा चाकू ठेवला, पेन्सिलीला टोक काढायचा. तोही गेला. मग भिंग ठेवलं. तेही नेलं."

"अहो, आमच्याकडे असं..." काकू सुरू झाली.

"तुमच्याकडचं काम किती चोख, मला माहीत नाही का? साधा रुमाल राहिला तरी पाकिटात घालून परत देता. म्हणजे तुम्ही नाही घेतलं. मग घेणार कोण?" बाई शांतपणे हसल्या. "आणि घेतात तेव्हा खूण ठेवतात. हे बघा."

त्यांनी रुमाल सोडला आणि काउंटरवर एकाशेजारी एक चार दोरे मांडले. चारही पिवळे.

"वरच्या काजाला बांधलेले असतात दर वेळी. त्यांना पिवळा रंग फार आवडायचा."

बाईंना ती पिवळी खूण वाटत होती. बाकीच्यांना ती सही वाटली.

कारण ही रीत आजोबांनी घातलेली. खिशात काही सापडलं, की ज्याला सापडलं त्याने आपल्या रंगाचा दोरा वरच्या काजाला बांधायचा आणि वस्तू पाकिटात टाकायची. वस्तू मालकाच्या हातात पडली, की दोरा काढायचा. आजोबा म्हणायचे, दोरा म्हणजे काय, तर 'सापडलंय, अजून परत दिलेलं नाही.' काकूचा लाल, आईचा हिरवा, मामाचा निळा. पिवळा या घरात एकाच माणसाचा होता. आणि ही रीत त्या माणसाच्या बोटांत इतकी मुरली होती, की चोरी करतानाही बोटांनी आपणहून गाठ मारली होती. असा चोर याच घरात निपजायचा.

ढिगाकडे बघायचं आईने टाळलं. विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, "हा कोट आता कोण वापरतं?"

"कुणीच नाही. खुंटीवर असतो."

"पण दर महिन्याला..."

"दर महिन्याला धुवायला टाकायची त्यांची शिस्त होती. ती मोडवत नाही."

आईने कोटाच्या कॉलरवर टेकवलेला हात हळूच काढून घेतला. दर महिन्याला हीच कॉलर ती घासत होती. आतल्या बाजूला माणसाच्या मानेचा तेलकट पट्टा असायचा, चांगला ताजा. कोपरांनाही चुण्या असायच्या. कुणी भाचा-पुतण्या घालत असेल, असं ती धरून चालली होती. खुंटीवर टांगलेल्या कोटाची कॉलर मळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? बाईच अंगात घालत असतील, तिने स्वतःला बजावलं. एकट्या बाईने थंडीत घातला, त्यात काय एवढं.

"या वेळी मी त्यांची घराची किल्लीच ठेवली," बाई म्हणाल्या. "म्हटलं, वस्तू नेताच आहात, तर तुम्हीच या ना. आणि काल आले."

काकूने गल्ल्याची कड धरली. "आले म्हणजे?"

"दिवेलागणीला. मी आत होते. कुलपात किल्ली फिरली. यांची सवय, अर्धी फिरवायची, थांबायचं, मग पुरी. अगदी तशीच. दार बोटभर उघडलं. मी म्हटलं, या, पाणी गरम आहे. तर तसेच उभे राहिले, आणि दार ओढून घेतलं." बाई जरा लाजल्या. "माझंच चुकलं. मी दिवा लावला होता. आज लावणार नाही. अंधारात बसते. आले की हात धरून आत घेईन."

त्या उठल्या. काकूने कोट इथेच ठेवता का विचारलं, तर त्यांनी तो छातीशी घेतला.

"नको. संध्याकाळी त्यांना लागेल."

---

खारीला ते सगळं पँटच्या कापडातून ऐकू आलं. तिची पाचावर धारण बसली होती. किल्ली तिने घेतली होती हे खरं. पण किल्ली आता तिच्याकडे नव्हती. ती तिने दादाला, म्हणजे काकूच्या मुलाला दिली होती.

तिला बाईंचं ते वाक्य सारखं ऐकू येत होतं: हात धरून आत घेईन. बाई अंधारात बसणार, कुलूप फिरणार, आणि त्या ज्याचा हात धरणार तो घर साफ करायला आलेला असणार. त्यांच्या वयाच्या बाईला नुसता धक्का पुरे. आणि ते दार उघडून देणारी कोण, तर आपण.

काकूने शटर अर्ध्यावर ओढलं.

"पाहुणे, पुढे या."

मामा प्रेसमागून बाहेर आला.

"कोट तुमच्या हाताखालून जातो. काजाला दोरा आणि बरोबर पाकीट नाही, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," मामा म्हणाला.

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"बोललो असतो तर पहिलं नाव कुणाचं घेतलं असतंत, वहिनी?"

काकूचा आवाज चढला. "म्हणजे पोरगी चोरी करत होती आणि तुम्ही इस्त्री फिरवत होता. गुण शिकवलेत म्हणायचे."

"ताई, त्याला मध्ये आणू नका," आई म्हणाली आणि ढिगाकडे वळली. "तू ऊठ. इकडे ये. खरं काय ते सांग."

खार उठली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते पहिल्याच शब्दाला फसलं. शिट्टी घेतली, चाकू घेतला, भिंग घेतलं. का घेतलं? गच्चीवरची मुलं तिला घेत नव्हती. 'खिशातलं काहीतरी आणून दाखव, मग बस आमच्यात,' अशी अट होती. शिट्टी दाखवली तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिला बसायला जागा करून दिली. मेलेल्या माणसाच्या वस्तू, त्याला काय करायच्यात, असं ती मुलं म्हणाली. तिलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

"आणि किल्ली?" आईने विचारलं.

खार फ्रॉकच्या खिशातलं रीळ चाचपत राहिली.

"किल्ली कुणाला दिलीस?"

"सांगायला कशाला हवं?" काकू म्हणाली. "या घरात दुसऱ्याची किल्ली कुणाच्या कामाची, हे शेंबडं पोरही सांगेल."

तिने मामाकडे पाहिलं. मामाने खारीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण त्याने हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"हो," तो म्हणाला. "मला दिली. पोरीला सोडा. मी जातो उद्या."

आईने त्याचा दंड धरला. काकूने मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांचं म्हणणं शेवटी खरं झालं, असा तो श्वास होता. आता खारीने नुसतं गप्प राहायचं होतं. दादा वाचत होता, गच्चीवरची जागा वाचत होती. जाणारा जात होता, आणि तो स्वतःच जायला तयार होता.

पण मामानेच तिला गाठ मारायला शिकवली होती. डाव्या हाताने, जाड बोटांनी, पुन्हा पुन्हा, ती कंटाळेपर्यंत.

"मामा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "किल्ली मी दादाला दिली. गच्चीवर यायची अट त्यानेच घातली होती."

"जीभ सांभाळ," काकू म्हणाली.

"का?" आई मध्ये पडली. आजवर तिने जावेला कधी असं तोंडावर उत्तर दिलं नव्हतं. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? माझा भाऊ चोर चालतो, माझी मुलगी चोर चालते. तुमच्याकडे बोट वळलं की जीभ सांभाळायची?"

तेवढ्यात शटरखालून सायकलचं पुढचं चाक आत आलं आणि पाठोपाठ दादा वाकून आला. सतरा वर्षांचा, उंच, काकूचा लाडका. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले, काउंटरवरचे दोरे पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोटवाल्या बाईंची किल्ली तुझ्याकडे आहे का?" काकूने विचारलं. नाही म्हण, असं तिचे डोळे सांगत होते.

दादाने खिशात हात घातला. किल्ली काढली, तिच्याबरोबर तो छोटा चाकूही काढला, आणि दोन्ही काउंटरवर ठेवलं. काकू स्टुलावर बसली.

"आज जाणार होतो," तो खाली बघून म्हणाला. "मास्तरांचा कॅमेरा आहे त्यांच्याकडे, कपाटावर. कोट द्यायला जातो तेव्हा दिसतो. कुणी वापरत नाही."

"आज काय, काल गेला होतास," आई म्हणाली. "दार उघडलंस, बाई बोलल्या तसा पळालास. बाईंनी सांगितलं सगळं."

"काल? काल नाही गेलो. किल्ली गादीखाली होती. कुलपात घालूनही बघितली नाही अजून."

"आता तरी खरं बोल."

"तो खरं बोलतोय," काकू म्हणाली.

तिचा आवाज एकदम खाली आला होता. काल संध्याकाळी काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. डोळ्यांत थेंब घातले होते, काही दिसत नव्हतं, म्हणून तिने मुलाचं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर दिवे लागले तेव्हा ते अजून बाकावरच बसलेले होते. ते मनगट तिने एकदाही सोडलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपला मुलगा खोटं बोलत असता तर बरं झालं असतं.

"मग काल किल्ली कुणी फिरवली?" खारीने विचारलं.

प्रेसमधून आपोआप थोडी वाफ सुटली. रोजच सुटायची. आज सगळे दचकले.

काकूने डोळे पुसले, किल्ली उचलून खारीच्या हातात दिली आणि चाकू तिच्या फ्रॉकच्या खिशात सरकवला. "दिवे लागायच्या आत जा. जे घेतलंस ते परत दे आणि आपल्या तोंडाने सांग. त्या बाई अंधारात बसायच्या आत." मग दादाकडे बोट केलं. "तू इथेच थांब. तुझ्याशी मला बोलायचंय." आणि मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "भाऊ, पोरीला एकटं सोडू नका."

मामाने मागे वळून पाहिलं, की दुकानात दुसरा कोणी भाऊ आला आहे का.

---

ते पोचले तोवर उजेड सरला होता. बाईंच्या घराच्या खिडक्या काळ्या होत्या. खारीने एका हातात डबा धरला होता, शिट्टी आणि भिंगाचा. दुसऱ्या हातात किल्ली. मामाने दार वाजवायला बोट टेकवलं आणि दार आत गेलं. कडी लावलेलीच नव्हती.

"या," आतून बाईंचा आवाज आला. "आज दिवा नाही लावला."

तो आवाज तिच्यासाठी नव्हता. इतक्या मायेने हाक मारलेली तिने कधी ऐकली नव्हती, आणि ती हाक चोरून ऐकणं ही आजवरची सगळ्यात मोठी चोरी वाटली तिला. अंधारात कापड सळसळलं, कुणीतरी उठलं, आणि एक हात पुढे येऊन तिच्या हातावर पडला.

"किती लहान झाला हो तुमचा हात," बाई म्हणाल्या.

"बाई, मी आहे," खार म्हणाली. "लाँड्रीतली. खिसे तपासते ती."

हात निघून गेला. लगेच दिवा लागला. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. कोट खुंटीवर होता.

खारीने डबा उघडला, चाकूही काढला आणि किल्लीसकट सगळ्या वस्तू एकेक करून ताटाशेजारी ठेवल्या. बाई प्रत्येक वस्तू उचलून विचारत होत्या, जणू वर्गात हजेरी घेतायत.

"शिट्टी तू घेतलीस?"

"हो."

"चाकू?"

"हो."

"भिंगसुद्धा तूच?"

"हो. आणि दोरे माझे आहेत. ते कुणी खूण म्हणून नव्हते बांधले. मला सवय आहे. चुकलं माझं."

बाईंचा चेहरा इतका रिकामा झाला, की त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर खारीला चाललं असतं. त्या खुर्चीत बसल्या. शिट्टी मुठीत धरली.

"म्हणजे काल आलात तेही तुम्हीच," त्या शेवटी म्हणाल्या.

मामाने घसा साफ केला. खारीला कळलं, तो आता हो म्हणणार. हो म्हटलं की सगळं मिटत होतं. बाई रडल्या असत्या, दाराला कडी घातली असती, दिवा लावून बसल्या असत्या. शहाण्या माणसाने हो म्हणायचं.

"नाही," खार म्हणाली. "काल आम्ही कुणीच नव्हतो. किल्ली आमच्या घरात गादीखाली होती."

मामाने घशातलं तसंच गिळलं. बाईंनी मान वर केली.

"शपथ?"

"शपथ. आता मी खोटं नाही बोलणार."

बाईंनी विचारलं, "तुमच्यात दोरा कशासाठी बांधतात?"

"काही सापडलं की बांधतात," खार म्हणाली. "सापडलंय, पण ज्याचं आहे त्याला अजून परत मिळालेलं नाही, असा अर्थ. मिळालं की काढतात."

बाई उठल्या, खुंटीवरचा कोट काढला आणि वरचं काज तिच्यापुढे धरलं.

"मग बांध एक."

खारीने फ्रॉकच्या खिशातून रीळ काढलं. डाव्या हाताने, मामाने शिकवली होती तशी गाठ मारली. बोट कॉलरच्या आतल्या बाजूला लागलं. ती कोमट होती. बाईंनीच घातला असेल, आईसारखंच तिनेही स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं, की दिवा लागला तेव्हा कोट खुंटीवर होता. तिने दोरा दाताने तोडला आणि मामाचा हात धरला.

निघताना मामा दार ओढून घ्यायला लागला, तर बाई आतून म्हणाल्या, "राहू दे." त्याने बोटभर फट ठेवली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोघांनीही मागे पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात दादाने कोट आणला. आता बाईंच्या दारात सायकल लावायची त्याला भीती वाटायची, पण काकूने ते काम मुद्दाम त्याच्याकडेच ठेवलं होतं. "बाई बऱ्या आहेत," तो म्हणाला. "दिवा लावून बसल्या होत्या. गाणं म्हणत होत्या."

सगळे काउंटरभोवती जमले. आईने कॉलर उलटून पाहिली. स्वच्छ होती, कुणाच्या मानेचा स्पर्श नसलेली. खारीने खिसे तपासले आणि नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "काही नाही." मग तिने वरचं काज पाहिलं.

दोरा नव्हता. तिची गाठ सोडवायची म्हणजे कात्रीच लागते, हे मामाला ठाऊक होतं. काजाला कापल्याची खूण नव्हती. कुणीतरी ती सावकाश, बोटांनी सोडवली होती.

काकूने कोट घडी करून प्रेसकडे दिला.

"मिळालं असेल ज्याचं त्याला," ती म्हणाली. "भाऊ, इस्त्री बेताची ठेवा."